१८ एमएम म्हणून घेतलेला प्लाय मोजला तर १७.२ : खाचा कशा काढायच्या?

फावल्या वेळचा सुतार (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी व्यवसायाने मास्तर, रविवारचा सुतार. जुळे सोलापुरात राहतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात फूट उंचीचं पुस्तकांचं कपाट करतोय. लेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिची पुस्तकं आता पलंगाखालीही मावेनात.

दोन आठ-चार फुटांचे बोर्ड इथल्याच एका दुकानातून आणले, १८ एमएमचे. उभ्या बाजूंना राउटरवर (खाचा कोरायचं फिरतं यंत्र) १८ एमएमच्या बिटने, म्हणजे पात्याने, ६ एमएम खोल खाचा काढल्या, सगळ्या एका दिवसात. फार खूश होतो. तीन आठवड्यांनी उरलेल्या फळ्यांसाठी तिसरा बोर्ड आणला. तेच दुकान, तीच कंपनी, शिक्काही तोच.

आता गंमत ऐका. पहिल्या बोर्डाच्या फळ्या खाचेत घातल्या तर म्हाताऱ्याच्या दातांसारख्या खुळखुळ हलतात. तिसऱ्या बोर्डाच्या आत जातच नाहीत. शेजारच्या पोराकडून व्हर्निअर (बारीक जाडी मोजायचं जबड्यांचं साधन) आणून मोजलं. पहिला १७.२, दुसरा १७.४, तिसरा १८.५. तिघांवर शिक्का १८ चाच.

प्रश्न दोन आहेत. एक, हे असं असतंच का, की मला फसवलं? दोन, खाचा तर काढून झाल्यात, आता हे कपाट वाचवायचं कसं? खाचा एकूण बारा आहेत, बाजू फेकून द्यायची तयारी नाही.

बेधडक_बे (शनिवार, रात्री १०:०५)

सर, लई विचार करूलालाव तुम्ही. लाकडाचा भुसा घ्या, फेविकॉलमध्ये कालवा, खाचेत भरा, फळी ठोका. वरून पुस्तकं ठेवली की काय हलतंय बे ते. आमच्या घरातलं कपाट असंच आहे, वीस वर्षं झाली.

अर्धं सूत (शनिवार, रात्री १०:३१)

वरचं ऐकू नका सर. पांढरा गोंद दोन लाकडं घट्ट भिडली तरच धरतो. मधे पोकळी भरायला तो नाही. वाळताना त्यातलं पाणी जातं आणि तो आकसतो. भुसा घातला की नुसता लगदा होतो, दिसायला भरलेलं आणि आतून भुसभुशीत. पोकळी भरायचीच असेल तर अ‍ॅरल्डाइटसारखा दोन ट्यूबचा गोंद घ्या, तो आकसत नाही. पण बारा खाचांना तो परवडायचा नाही, आणि त्याची गरजही नाही. पुढे सांगतो.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. आमचं वर्कशॉप अक्कलकोट रोडला आहे, वडिलांपासून. वडील मापं सुतात सांगायचे. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे सूत, सव्वातीन एमएमला थोडं कमी. प्लाय त्यांच्यासाठी 'पाऊण इंची', म्हणजे सहा सूत, म्हणजे १९.०५ एमएम. कंपनीसाठी तोच १८. आणि हातात येतो तो तुमच्यासारखा १७.२. एकाच फळीची तीन मापं, तिन्ही लोक आपापल्या जागी बरोबर! यात बिटांची भर. पाऊण इंची बिट घेतलात तर तो १९.०५ कापतो, त्यात १७.२ ची फळी जवळपास दोन एमएम खेळणार. नशीब तुम्ही १८ चा घेतला.

वडिलांना मात्र ही अडचण कधी आली नाही, कारण ते फळी मोजायचेच नाहीत. फळी जागेवर उभी धरायची, तिच्याच दोन्ही कडांनी चाकूने रेघा मारायच्या, आणि त्या रेघांच्या आतून पटाशीने खाच काढायची. प्रत्येक खाच त्या त्या फळीची. खाचेवर आणि फळीवर एकच आकडा लिहायचा. राउटर आला आणि आम्ही आकड्यावर विश्वास ठेवायला लागलो.

काउंटरच्या_आतून (रविवार, सकाळी ८:१२)

मी प्लायच्याच धंद्यात आहे. दुकान कुठलं ते सांगत नाही, नाहीतर उद्या सगळे व्हर्निअर घेऊन दारात. सर, तुम्हाला फसवलेलं नाही. म्हणजे बहुतेक नाही.

प्लाय कसा होतो ते बघा. निलगिरी नाहीतर पॉपलरचा ओंडका लेथवर फिरवून पेन्सिलीला टोक करताना निघते तशी पातळ साल काढतात. ती साल वाळवतात. ओंडका फिरताना जरा डगमगला, पातं बोथट झालं, साल कुठे जास्त वाळली, की जाडी बदललीच. मग एक थर उभा एक आडवा असे रचून गरम प्रेसमध्ये दाबतात. आतल्या थराचे तुकडे शेजारी शेजारी नीट भिडले तर ठीक. एकावर एक चढले तर तिथे टेकाड, फट राहिली तर तिथे खड्डा. वरून गर्जनचा तलम पापुद्रा येतो आणि सगळं झाकून टाकतो. बाहेरून बोर्ड देखणा, आत काय आहे ते करवतीलाच कळतं.

आयएस ३०३ हे साध्या प्लायचं भारतीय मानक. त्यात जाड बोर्डाला ५ टक्के कमी-जास्त चालतं असंच आम्ही धरून चालतो. १८ चे ५ टक्के म्हणजे ०.९. म्हणजे १७.१ पासून १८.९ पर्यंतचा बोर्ड १८ चाच. तुमचे तिन्ही बोर्ड त्यात बसतात. खरी फसवणूक असते ती १८ चा शिक्का आणि आत साडेसोळा. असा माल बाजारात आहे, स्वस्त असतो, आणि कमी भावात गिऱ्हाईक तोच मागतं.

कॅलिब्रेटेड म्हणून मिळतो त्यात वरचा पापुद्रा लावण्याआधी आतला गठ्ठा मशीनवर घासून एका जाडीला आणतात. भाव जास्त, पण जाडी बरीच एकसारखी. मॉड्युलर किचनवाले तोच नेतात. पुस्तकाच्या कपाटाला मी सहसा सुचवत नाही, लोक म्हणतात महागातलं गळ्यात मारतो.

फावल्या वेळचा सुतार (रविवार, सकाळी ८:५०)

बाप रे. म्हणजे १७.१ आणि १८.९ दोन्ही नियमात? मग नियम कसला!

काउंटरच्या_आतून (रविवार, सकाळी ९:०४)

सर, लाकूड आहे ते. लोखंडाचा पत्रा नाही. 🙂

होटगी_रोड (रविवार, सकाळी ११:२०)

मला वाटतं हा पावसाळ्याचा परिणाम असावा. तिसरा बोर्ड तीन आठवड्यांनी आणला म्हणता, तोवर पाऊस सुरू झाला होता. प्लाय फुगला.

मापाचा_माणूस (रविवार, दुपारी १:४५)

चिंचोळी एमआयडीसीत टर्निंगचं, म्हणजे लेथवरचं काम करतो, मापं हाच धंदा आहे, म्हणून बोलतो.

पावसाने प्लाय फुगतो हे खरं. आडवे-उभे थर एकमेकांना लांबी-रुंदीत धरून ठेवतात, पण जाडीच्या दिशेला धरणारं कोणी नाही, त्यामुळे फुगणं सगळं जाडीत जातं. तरी एप्रिलमधलं ४२-४३ अंशांचं सोलापूर आणि ऑगस्टमधलं सोलापूर यात १८ च्या बोर्डाला फरक पडेल तो एमएमच्या दोन-तीन दशांशांचा. सरांचा फरक १.३ आहे. तो कारखान्यातूनच आलाय.

मोजण्याबद्दल. व्हर्निअरचे जबडे बोर्डाच्या कडेपासून जेमतेम दीड इंच आत जातात, आणि बोर्डाची कडा हीच सगळ्यात बेभरवशाची जागा. प्रेसमध्ये आणि घासताना तिथेच जास्त जातं. कडेला १७.२ म्हणजे मधे १७.२ असं नव्हे. बोर्ड कापून झाल्यावर मधल्या भागातून आलेल्या कडा मोजा. सोपी युक्ती अशी : वेगवेगळ्या जागचे पाच कपचे एकावर एक ठेवून दाबून मोजायचे आणि पाचने भागायचं. आणि सगळ्यात जाड जागा कुठली ते वेगळं लिहून ठेवायचं, कारण खाचेत अडकणार ती जागा, सरासरी नाही.

पुढच्या वेळी खाच फळीएवढी काढूच नका. फळीच्या टोकाला एका बाजूने खांदा पाडून, म्हणजे थोडी जाडी उतरवून, १२ एमएमची जीभ ठेवा आणि खाच १२ ची काढा. १२ चा बिट १२ च कापतो. फळी १७ असो की १९, जीभ १२ ची. विषय संपला.

अर्धं सूत (रविवार, दुपारी २:३०)

मापवाले, विषय संपला नाही. हे मी करून फसलोय.

खांदा पाडताना राउटर कुठे टेकवता? फळी टेबलावर आडवी, राउटर तिच्यावर, खोली ६ वर लावलेली. बरोबर? मग १८ च्या फळीतून ६ गेले, जीभ १२. पण १७.२ च्या फळीतून ६ गेले तर जीभ ११.२, आणि १८.५ मधून गेले तर १२.५. राउटर वरच्या तोंडावर टेकलाय, म्हणून तो कापलेला भाग एकसारखा ठेवतो आणि उरलेला भाग फळीच्या जाडीवर सोडून देतो. म्हणजे सगळी चूक जशीच्या तशी जिभेत. आम्ही एका हॉस्टेलच्या चाळीस रॅकच्या जिभा अशा पाडल्या होत्या. चाळीस! त्या दिवशी वडील काही बोलले नाहीत, नुसती तंबाखू मळत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

बरोबर रीत अशी. राउटर टेबलाखाली बसवायचा. फळी उभी धरायची, जीभ ज्या तोंडाच्या बाजूला ठेवायची ते तोंड कुंपणाच्या पट्टीला (टेबलावरची सरळ आधाराची पट्टी) चिकटून. बिट आणि पट्टी यांच्यामधे १२ एमएम अंतर. आता पट्टी आणि बिटच्या मधे जे उरतं ते १२ च, फळी कितीही जाड असो. जास्तीची जाडी पलीकडच्या बाजूने उडून जाते. बिट तोच आणि कामही तेच, फक्त टेकण्याची बाजू बदलली.

मापाचा_माणूस (रविवार, दुपारी २:४१)

मान्य. आमच्याकडे याला डेटम (माप जिथून धरायचं ती बाजू) चुकला म्हणतात आणि शिकाऊ पोराला त्यासाठी ओरडतो. आज मीच शिकाऊ. 🙏

यंत्रमागाचा_पोरगा (रविवार, दुपारी ३:१०)

विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. आमचे आजोबा हातमागावर होते. फणीचा एक दात वाकडा झाला तर अख्ख्या चादरभर उभी रेघ पडायची. आजोबा दात सरळ करायच्या आधी तो कुठला आहे ते सुताची गाठ मारून ठेवायचे. तुमचा तो बोर्डावर आणि खाचेवर आकडा लिहायचा प्रकार वाचून ते आठवलं. चालू द्या.

वर्षा_आतली_सजावट (रविवार, रात्री ९:१५)

दादा लोकांनो, तुम्ही खाचांवर अडलात. किचनला या, मग कळेल दशांश म्हणजे काय.

सात रस्त्याजवळ एका फ्लॅटचं काम होतं. ओट्याखाली ६०० चे पाच डबे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आम्ही आतून लायनर (पातळ लॅमिनेट) चिकटवूनच प्लाय कापतो, म्हणून बाजूची जाडी १९ धरली होती. तळाची फळी दोन बाजूंच्या मधे, म्हणून तळ कापला ५६२. प्लाय निघाला पातळ, लायनर धरून १८.२. एक डबा झाला ५९८.४. पाच डबे मिळून ८ एमएम खड्डा. मिस्त्री म्हणाला फिलर पट्टी मारू. मारली. आणखी एका घरी उलटं झालं, प्लाय जाड निघाला, डबे फुगले आणि फ्रिजसाठी सोडलेल्या जागेत फ्रिज जाईना. पातळ निघाला तर पट्टी तरी मारता येते. जाड निघाला तर भिंत तासायची का?

ड्रॉवरचं तर विचारूच नका. साध्या बॉल-बेअरिंग चॅनेलला (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी) दोन्हीकडे १२.७ लागतात, एकूण २५.४, आम्ही २६ सोडतो. ५६२ मधून २६ गेले, ड्रॉवर ५३६. ड्रॉवरच्या बाजू १२ च्या प्लायच्या, म्हणून मिस्त्रीने पुढची-मागची पट्टी ५१२ कापली. १२ चा प्लाय निघाला ११.२. ड्रॉवर झाला ५३४.४. चॅनेल लागलं, पण ड्रॉवर ओढला की लग्नातल्या ब्रास बँडसारखा आवाज. शेवटी चॅनेलच्या मागे वॉशर घातले.

तेव्हापासून दोन गोष्टी करते. बोर्ड साइटवर आल्याशिवाय, ते मोजल्याशिवाय कटिंग लिस्ट देत नाही. मिस्त्री कुरकुरतात, कुरकुरू देत. दुसरं म्हणजे कुठलं माप पक्कं हवं ते आधी ठरवते. बाहेरची रुंदी ६०० पक्की हवी तर तळ बाजूंच्या मधे घालत नाही, तळ सरळ ६०० कापते आणि बाजू त्याच्यावर उभ्या करते. मग बाजू १७ असो वा १९, डबा ६०० च. जाडीचा फरक आत सांडतो. डबा उभा राहिल्यावर आतलं माप प्रत्यक्ष घेते आणि मगच ड्रॉवर कापायला देते, कागदावरून नाही.

आणि पुढच्या कडा नेहमी एका रेषेत. जो काही कमी-जास्तपणा आहे तो मागे, भिंतीकडे. भिंत काही बघायला येत नाही.

बेधडक_बे (रविवार, रात्री ९:५०)

ताई, ब्रास बँड 😂 आमच्या घरातला ड्रॉवर तसाच वाजतो. आत्ता कळलं का ते.

पुण्यात_पण_सोलापूरचा (सोमवार, सकाळी ७:३०)

हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून वाचतोय. पुण्यात सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) कापून देणाऱ्यांकडे काम करतो. आमच्याकडेही हेच रडगाणं. मशीन दशांशाच्या दशांशात कापतं, पण प्लाय तसा येत नाही. म्हणून ड्रॉइंगमध्ये जाडी आकडा म्हणून लिहीतच नाही, तिला नाव देतो. बोर्ड आला की मोजायचं, त्या नावापुढे एक आकडा टाकायचा, सगळ्या खाचा आपोआप बदलतात. वेगळ्या लॉटचा बोर्ड आला की फाइल पुन्हा काढायची. हाताने करणाऱ्यांसाठी यातलं घेण्यासारखं एवढंच की एका कपाटाचा माल एकदम घ्या, एका लॉटचा, आणि एक बोर्ड जास्त.

फावल्या वेळचा सुतार (सोमवार, रात्री ८:२०)

डोकं भरून गेलं. सगळ्यांचे आभार. अण्णा (अर्धं सूत), तुम्ही 'पुढे सांगतो' म्हणाला होतात. माझ्या बारा खाचांचं काय?

अर्धं सूत (सोमवार, रात्री १०:०२)

विसरलो नाही सर, आज एक डिलिव्हरी होती.

जाड फळ्या, १८.५ च्या : फळीच्या खालच्या तोंडाने, टोकाकडचा फक्त ६ एमएम भाग, राउटरने थोडा उतरवा. खाच ६ खोल आहे ना, तेवढाच. अर्धा एमएम गेला की आत जाईल, आणि उतरवलेला भाग सगळा खाचेत लपेल. पूर्ण फळी घासायला जाऊ नका, वरचा पापुद्रा तलम असतो, दोन हात मारले की खालचा थर डोकावतो. आणि उतरवताना फळी कुंपणाला उभी धरून, वरचं तोंड पट्टीला. वर सांगितलं तसंच.

पातळ फळ्या, १७.२ च्या : विनिअरची (लाकडाचा पातळ पापुद्रा) दुकानातली उरलीसुरली पट्टी मागून आणा, साधारण अर्ध्या एमएमची. फळीच्या खालच्या तोंडाला, टोकापाशी ६ एमएम रुंदीची चिकटवा. १७.२ अधिक ०.५ म्हणजे १७.७, थोडा गोंद, थोडी जागा. उरलेले ०.३ फार वाटत असतील तर पट्टीखाली कागद लावा. पट्टी खालच्या बाजूलाच, वर नाही. फळीचं वरचं तोंड खाचेच्या वरच्या कडेला दाबून बसलं पाहिजे, म्हणजे सगळ्या फळ्यांची वरची पातळी एक येते. ठोकून घालायला लागेल इतकं घट्ट ठेवू नका. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, तो लावला की फळी तिथल्या तिथे फुगते आणि अर्ध्यात अडकते. कोरडी फळी हाताच्या दाबाने जावी, हात सोडल्यावर पडू नये.

पुढच्या कपाटाला १८ चा बिट वापरू नका. १२ चा सरळ बिट घ्या, वरच्या अंगाला बेअरिंग असलेला, बेअरिंग आणि पातं एका मापाचं. बाजूच्या फळीवर दोन सरळ पट्ट्या ठेवा, त्यांच्यामधे तुमच्या खऱ्या फळीचा कपचा उभा धरा, सोबत लग्नपत्रिकेच्या कागदाचा एक तुकडा, आणि पट्ट्या शिकंज्यात आवळा. कपचा काढा. राउटर एका पट्टीला घासत न्या, दुसरीला घासत परत आणा. खाच फळीएवढी अधिक एक कागद. आकडा कुठेच आला नाही.

बाकी कुठल्या फळीला काय केलं ते फळीवर आणि खाचेवर पेन्सिलीने लिहा. मास्तर आहात, लिहाल.

फावल्या वेळचा सुतार (पुढचा रविवार, संध्याकाळी ६:१५)

झालं! चार जाड फळ्या उतरवल्या, दोन पातळ फळ्यांना विनिअर. पहिली घाईत जरा जास्त उतरवली, ती थोडी ढिली झाली, तिलाही कागद लावला. सर्वात खाली बसवली, तिथे जुनी मासिकं ठेवणार. बाकी पाच हाताच्या दाबाने गेल्या. वर्षाताईंचं ऐकून पुढच्या कडा एका रेषेत, मागे दोन ठिकाणी एमएमभर फरक आहे, भिंतीला सांगितलेलं नाही.

कपाट उभं केलं, लेकीने पुस्तकं लावायला सुरुवात केली. आता मागचा ६ चा प्लाय आणलाय. आजवरच्या अनुभवावरून मोजला. ५.३ भरला. खाच ६ ची काढून ठेवली होती, बाकी खाचांच्या दिवशीच.

अर्धं सूत (रविवार, संध्याकाळी ६:२२)

त्याचा वेगळा धागा काढा सर.

बेधडक_बे (रविवार, संध्याकाळी ६:२४)

भुसा आणि फेविकॉल बे.